पहिल्या फेरीतला कोपरारक्षक

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या मराठी मंडळात दर हिवाळ्यात कबड्डीचे सामने होतात. सहा संघ असतात. कोणी आधी खेळाडू निवडायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्या वर्षी पहिली चिठ्ठी आमच्या संघाची निघाली. आमच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पण निवडीला मला बसवलं होतं, कारण मी कॉलेजात चार वर्षं उजव्या कोपऱ्यात खेळले होते आणि त्या खोलीत खेळाची खरी माहिती असलेली मी एकटीच होते. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझ्या माहितीला कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते.

मी ज्याला निवडलं तो कोल्हापूरकडचा होता. एका ठेकेदार कंपनीत मचाणं बांधायचा आणि शहराबाहेरच्या कामगार कॅम्पात राहायचा. निवड चाचणीत त्यानं उजव्या कोपऱ्यातून ओळीनं पाच जणांचे घोटे पकडले आणि पाचही जण जागेवरून हलले नाहीत. मी ताडकन त्याचं नाव घेतलं. बाकीचे संघ हळहळले. आठवडाभर ग्रुपवर तोच विषय होता, आता चषक आमचाच म्हणून.

आमचा कर्णधार एका मोठ्या प्रकल्पात मॅनेजर होता. माझ्या नवऱ्याचा वरिष्ठ. आणि ज्या प्रकल्पावर हा कोल्हापूरकडचा माणूस मचाणं बांधत असे, तोही याच माणसाचा. पहिल्याच सरावाला कर्णधार म्हणाला, "उजवा कोपरा माझा आहे. तू डावीकडे उभा राहा."

"चालंल, साहेब," तो म्हणाला.

मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की ज्याचं सगळं अंग एका बाजूला घडलंय त्याला दुसऱ्या कोपऱ्यात टाकणं म्हणजे उजव्या हातानं लिहिणाऱ्या माणसाला डाव्या हातानं सही करायला लावणं आहे. नवरा म्हणाला, "अगं, एवढा मोठा खेळाडू आहे, जमवेल तो."

सराव तरी किती झाले? आम्ही सगळे कॉलनीतून गाडीनं पाच मिनिटांत भारतीय शाळेच्या हॉलवर पोचायचो. त्यानं मात्र कॅम्पातून कंपनीची बस निघाली तर यायचं, नाहीतर नाही. त्यात शटडाऊन, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची वार्षिक दुरुस्ती, सुरू झालं. बारा-बारा तास लोखंडी नळ्या चढवून तो माणूस शुक्रवारी दुपारी मॅटवर उभा राहायचा. ही गोष्ट कर्णधाराला ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? शटडाऊन त्याचंच होतं.

पहिल्या सामन्यात मी निवडलेल्या त्या खेळाडूच्या तीन पकडी सुटल्या. दुसऱ्यात चार. मी गुणलेखक होते, माझ्याच हातानं ते लिहीत होते. ग्रुपवर विनोद सुरू झाले. कुणी बुजगावण्याचं चित्र टाकलं. माझी मुलगीसुद्धा घरी म्हणाली, "आई, ही इज नॉट दॅट गुड." मी तिच्यावर ओरडले, पण मलाही कळेना. घोटा तर तो धरत होता. सुटत होता त्यापुढे.

तिसऱ्या सामन्यानंतर मी त्याला पाणी द्यायला गेले आणि विचारलं, "तुम्ही आवाज का देत नाही? कोपऱ्यानं झेप घेतली की मधल्यांनी क्षणात बंद करायला हवं. त्यांना सांगायला नको?"

तो म्हणाला, "वहिनी, साहेबांला 'मागं व्हा' कसं म्हनायचं ओ? उद्या त्यांच्याच सायटीवर जायचंय."

कबड्डीत कोपरारक्षक हा बचावाचा आवाज असतो. कधी पुढं व्हायचं, कधी मागं सरायचं, हे तो ओरडून सांगतो आणि बाकीच्यांनी ते निमूट ऐकायचं असतं. आम्ही त्या माणसाचा कोपरा काढून घेतला होता आणि वर त्याचा गळाही. उरलेल्या अंगाकडून आम्हाला चषक हवा होता.

उपांत्य सामन्यात शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो. समोरचा चढाईपटू सावकाश आत आला. आमचा कर्णधार उजव्या कोपऱ्यातून काही कारण नसताना पुढे धावला आणि बाद झाला. त्याच क्षणी डावीकडून यानं झेप घेतली आणि घोटा धरला. अगदी घट्ट. मी उभी राहिले. पण मधले दोघे जागचे हलले नाहीत. त्यातला एक माझा नवरा होता. चढाईपटूनं याला मॅटवरून फरफटत नेलं आणि बोटं रेषेला टेकवली. आम्ही हरलो.

कर्णधार सगळ्या हॉलसमोर बोलला, "ह्याला पहिल्या फेरीत घेतलं आपण! दुसरा कुणीही चालला असता."

कोपर सोललेलं, त्यातून रक्त येतंय आणि हा माणूस म्हणतोय, "चुकलं, साहेब."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी टेबलावरून उठून म्हणाले, "चूक त्यांची नाही. आधी तुम्ही धावलात. त्यांना त्यांची जागा दिली असती तर ही वेळ आली नसती."

कर्णधार हसला. "वहिनी, तुम्ही गुण लिहा."

नवरा बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झाली तरी त्यानं मान वर केली नाही. गाडीत मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही मंडळाची गुळपोळी घेऊन कॅम्पात गेलो. मागच्या मोकळ्या जागेत वाळूवर जुने गालिचे अंथरून तिथली मंडळी कबड्डी खेळत होती. तो उजव्या कोपऱ्यात होता आणि ओरडत होता. "थांब! थांब, येऊ दे त्याला! आत्ता!" झेप, घोटा, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बाकीचे त्या चढाईवाल्यावर. मग अजून एकदा. आणि अजून एकदा. मचाणावर रोज एकमेकांच्या हाकेवर पाय टाकणारी माणसं ती, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं.

नवरा डबे हातात धरून बराच वेळ बघत उभा राहिला. "मी त्या दिवशी हलायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

पुढच्या हंगामासाठी आम्ही कॅम्पाचा सातवा संघ घ्या म्हणून अर्ज दिला. कर्णधार मंडळाच्या कमिटीतही होता. म्हणाला, "तिथं काय, मजूर खेळतात. शिस्त राहणार नाही." सदस्यत्वाचे नियम दाखवले गेले. मी तीन बैठका भांडले, दोनदा मला 'भावनिक होऊ नका' असं ऐकवलं गेलं, आणि अखेर परवानगी मिळाली. तोवर त्या कोपरारक्षकाच्या कंपनीचं जुबैलमधलं काम संपलं होतं. त्याला पार देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या साइटवर पाठवलं. कॅम्पाचा संघ त्याच्याशिवाय खेळला आणि तिसरा आला.

तो पुन्हा जुबैलमध्ये खेळला नाही. त्याचं नाव मात्र इथे तसंच राहिलं, पहिल्या फेरीत घेतलेला आणि फुकट गेलेला. गेल्या महिन्यात एका घरगुती जेवणात कर्णधार नव्या आलेल्या जोडप्याला हाच किस्सा रंगवून सांगत होता. मी ताट खाली ठेवलं. पण माझ्याआधी माझा नवरा बोलला.

"साहेब, तो फुकट गेला नाही. त्यानं घोटा धरला होता. मी दोन पावलांवर उभा होतो आणि मी हललो नाही."

कर्णधारानं भाताचं भांडं पुढं ओढलं आणि उत्तरेकडच्या हाइल शहरातल्या थंडीचा विषय काढला.