जावयानं आणलेलं पेन

रविवारी आमच्याकडे धोंड्याचं जेवण होतं, इथंच अमरावतीला. अधिक महिना, त्यात घरचा एकुलता एक जावई, म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा, अकोल्याहून येणार... सासूबाई आठवडाभर वाणाच्या तेहतीस अनारशांच्या मागे होत्या.

मी जाड आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणाला शोध लावायला नको. ताई, म्हणजे माझी नणंद, दर भेटीत दारातूनच म्हणतात, "आणखीन भरली व तू." ताई स्वतःही काही काडी नाहीत, पण ते बोलायचं नसतं. मी दर वेळी हसते आणि पाण्याचा ग्लास पुढे करते.

या वेळी मात्र भाऊजींनी बसल्या बसल्या शर्टाच्या खिशातून एक पेन काढलं. लिहायचं नाही हो, वजन कमी करायच्या इंजेक्शनचं, ज्याची सध्या जिकडेतिकडे चर्चा आहे. जिममधल्या कुणा मित्रानं स्वस्तात दिलं म्हणे. एक माझ्यासाठी, एक ताईंसाठी. ताईंचं अकोल्याला फ्रिजमध्ये होतं आणि घरी गेल्यावर संध्याकाळी त्या पहिलं इंजेक्शन घेणार होत्या.

मला तिथेच खटकलं. मागे मी आमच्या डॉक्टरांना याच औषधाबद्दल विचारलं होतं. त्यांनी खरं पेन फ्रिजमधून काढून दाखवलं होतं, आणि आधी तपासण्या, मग औषध, असं बजावलं होतं. इथे तर ते अकोल्याहून भर उन्हात खिशात बसून आलं होतं... ना बर्फ, ना खोकं, ना बिल. मी खोकं कुठंय विचारलं तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, खोकं टोचायचं आहे का तुम्हाला?" सगळे हसले.

मीही गप्प बसले. खोटं कशाला बोलू... जावई, त्यात धोंड्याचा महिना. या दिवशी जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्यानं आणलेल्या वस्तूवर शंका घ्यायची रीत आमच्याकडे नाही.

सासूबाईंची मात्र एक रीत आहे. घरात नवीन काहीही आलं की हळद-कुंकू लावायचं. गाडी झाली, मिक्सर झाला, पाण्याचा फिल्टर झाला... या पेनालाही त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट ठसठशीत लावलं आणि देवासमोर ठेवलं.

पानं वाढायच्या आधी ते फ्रिजमध्ये ठेवावं म्हणून मी उचललं आणि ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. तर पुसता पुसता स्टिकरचा कोपराच वर आला. खाली आणखी एक स्टिकर. मी नखानं ओढलं... खाली दुसऱ्याच औषधाचं नाव होतं. इन्शुलिन.

मी ते नाव वाचायच्या आधीच माझ्या हातानं ते पेन ओळखलं होतं, असं आता वाटतं. दर्यापूरला माहेरी गेले की बाबांना, त्यांची शेवटची कित्येक वर्षं, मीच असंच पेन टोचत असे. मागचं चाक फिरवलं. डॉक्टरांनी दाखवलेल्या पेनाचं चाक ठरलेल्या डोसवर थांबत होतं. हे थांबेचना. कट कट कट कट... बाबांच्या पेनासारखं चालतच राहिलं.

ज्याला शुगर नाही, त्यानं हे वजनाचं औषध समजून टोचलं तर काय होतं ते मला माहीत आहे. बाबांची साखर एकदा उतरली होती, तेव्हा ते मला ओळखत नव्हते. घामानं बनियन पिळून निघालं होतं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत माझा जीव जागेवर नव्हता.

मी तशीच बाहेर गेले. तोवर पानं वाढून झाली होती, भाऊजी पानावर बसले होते, पुरणाचा पहिला धोंडा तोंडात. मी पेन त्यांच्या पानाशेजारी ठेवलं आणि सांगितलं, हे नकली आहे, ताईंचंही तेच असेल, ताईंनी ते टोचायचं नाही.

भाऊजी लाल झाले. मित्राला ओळखत नाही का मी, एवढे लोक घेतात, तुम्हाला डॉक्टर कुणी केलं... आणि ते ताटावरून उठले. ताईही उठल्या. मला म्हणाल्या, "जळते व तू. मी तं घेणारच."

जावई धोंड्याच्या ताटावरून उठला. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच विष कालवलंय. आता सासूबाई मला सोलून काढणार, हे मी धरूनच चालले होते.

सासूबाईंनी पेन उचललं. निघालेलं स्टिकर बघितलं, खालचं बघितलं. माझ्या बाबांना त्या भेटायला यायच्या, ते पेन त्यांनीही पाहिलेलं. मग शांतपणे म्हणाल्या, "जवाईबापू, ताटावरून उठले तं उठा. पण हे माह्या पोरीले टोचाचं नाही. आन् टोचाचंच असंल तं आधी मले टोचा."

दोघं निघून गेले. अनारसे डब्यात तसेच राहिले.

संध्याकाळी ताईंचा मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसता फोटो. त्यांच्या फ्रिजमधलं पेन, अर्धं सोललेलं स्टिकर, खाली तेच नाव... मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. नंतर तोच फोटो सासूबाईंना दाखवला, तर त्यांनी देवाला साखर ठेवली.

सोमवारी मी ते पेन घेऊन रीतसर तक्रार देऊन आले. तेव्हापासून घरातले, बाहेरचे, सगळे सांगताहेत की हे फेसबुकवर टाकू नको, जावयाची अब्रू जाईल. म्हणून तर टाकतेय. तो जिमवाला मित्र अजूनही विकतोय, आणि कुणाच्या तरी फ्रिजमध्ये ते आत्ता पडून आहे.

बायांनो, घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून, मेडिकलमधून, बिलासकट घ्या. खोकं मागा. स्टिकरला नख लावून बघा. देणारा सख्खा असो की जावई, लाजू नका. आणि माझ्या वजनाचं मी बघीन, ते मला उचलायचं आहे.

जावयाचा मान गेला म्हणतात. जाऊ दे... अधिक महिना तीन वर्षांनी परत येतो. तेव्हा तेहतीसऐवजी सहासष्ट अनारसे करीन, हातानं भरवीन भाऊजींना. शेजारच्या पाटावर ताई बसलेल्या असतील, आणि मला म्हणतील, आणखीन भरली व तू.