नाव आधी कुणाचं

सुरतजवळ उधन्यात आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर कृषी महाविद्यालयातले एक प्राध्यापक राहतात. सर कोळ्यांवर काम करतात. जाळं विणणारे कोळी नव्हेत, भेंडीच्या पानामागे असणारे, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारे. भाजी घेताना ते खिशातून भिंग काढतात आणि "म्हणजे असं बघा" करून सुरू होतात. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात.

मध्यंतरी त्यांनी कोळ्यांचा एक नवा वंश, म्हणजे जीनस, ठरवून त्याला नाव दिलं. पुढे कळलं की तेच नाव भुंग्यांच्या एका वंशाला आधीच दिलेलं आहे. "ज्याचं आधी, त्याचंच," म्हणून त्यांनी आपण दिलेलं नाव मुकाट्यानं बदललं.

मग पहिल्या मजल्यावरच्या लूम कारागिराचं पार्सल त्यांच्याकडे आलं. दोघांचं नाव-आडनाव एकच. आमच्या खानदेशी बिल्डिंगमध्ये यात नवल नाही, पण सर सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठले. "म्हणजे असं बघा, एका नावाचे दोन चालणार नाहीत. नंतर आलेल्यानं बदलायचं."

कारागीर शांतपणे अहिराणीत म्हणाला, "मी ते बिल्डिंग बनी तवयपासून शे, सर."

नंतर आलेले सरच; त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या दारावरची पाटी उतरवली. नवीन नाव त्यांना अजून सुचलेलं नाही. तोवर लोकांनीच त्यांना कथीरीभाई केलंय, कारण या कोळ्यांना गुजरातीत कथीरी म्हणतात.

"बोलीतली नावं शास्त्रात धरत नाहीत," काल जिन्यात ते मला बजावत होते. तेवढ्यात खालून कुणीतरी "कथीरीभाई" अशी हाक मारली, आणि सर "ओ" म्हणून लगबगीनं खाली गेले.