तापलेली सरकी

दिराचं नाव मी आजही तोंडातून काढत नाही. तो मेला तेव्हा सगळं घर रडलं, मी नाही.

आमचं गाव अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या वाटेवर. नवरा गेल्यावर घरात माझा एकच मान उरला होता. पेरणीआधी सरकी शेणमातीनं चोळतात, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. ते काम माझं. विधवेच्या हातचं बी म्हणून जाऊबाई नाक मुरडायच्या, पण सासू म्हणायची, उगवतंय ना, मग झालं.

समुद्रापलीकडे कुठंशी लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसं पिसाळली. दिरानं पुढच्या खोलीत सरकीसकट कापूस कोंबला, भाव आणखी चढेल म्हणून दाबून ठेवला, आणि वाळून हलका होऊ नये म्हणून वरून पाणी मारत राहिला. मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत कोमट होतं.

"भाऊजी, ढीग तापून राह्यला. पसरून टाका."

"गरम तं माणूसबी रायते, वहिनी. तुमी चुलीकडं पाहा."

कितीतरी दिवस ढीग तसाच कोमट राहिला. मग आपल्याच तापानं आणखी तापत गेला, आणि दोन-चार दिवसांत आत हात ठेववेना. खोलीत जळक्या केसांचा वास, वर गोठ्यातल्या मुताचा, डोळ्यांना झोंबणारा. तेव्हा कुठं त्यानं सरकी वेगळी काढवली. पिवळी पडलेली रुई अमरावतीच्या बाजारात डोळे झाकून विकली गेली. सरकी आमच्या गळ्यात.

मी एक दाणा फोडला. आतला गर तपकिरी, करपलेला. म्हटलं, हे बी मेलं आहे.

"चोळा मुकाट्यानं," तो म्हणाला.

चोळलं. मडक्यात गेल्या सालची मूठभर सरकी होती, तीही त्याच शेणात, त्याच हातांनी चोळून घरामागं लावली.

शेजारची शेतं हिरवी झाली, आमचं काळंच राहिलं. दीर चार माणसांत ओरडला, "रांडमुंडीचा हात लागला बियाले, मंग उगवन कसं?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, चला सगळे घरामागं, दाखवते कसं उगवतं ते. तिथं माझी रोपं टरारून आली होती. तो आमच्याआधी धावला. आम्ही पोचेपर्यंत एकूण एक रोप उपटून त्यानं म्हशीपुढं टाकलं होतं. लोकांनी उकरलेली माती पाहिली, म्हशीच्या तोंडातला पाला पाहिला, आणि जो तो आपापल्या घरी गेला.

पुढच्या सालापासून बी जाऊबाई चोळू लागल्या.