मांडे आणि गडाची वाट

आमच्या अंबडच्या कॉलनीतून दर चैत्रात वणीच्या गडावर पायी जातात. वाट कुठली धरायची हे ठरवायला पुरुषांची समिती आहे. सगळे कंपनीत मशीनवर काम करणारे, सुताइतकी चूक खपवून न घेणारे. पण गडाची वाट मात्र कोणाची सासरवाडी कुठं लागते त्यावर ठरते. जावई टोळी घेऊन दारात आला की सासऱ्याला नाही म्हणायची सोय नसते.

गेल्या वर्षी अध्यक्षांच्या सासरवाडीसाठी आम्हाला पिंपळगावकडून हायवेनं नेलं. मळ्यात मांडे झाले, आमरस झाला, वर ताणून झोपही झाली. हायवेला बाईमाणसाला बसायला आडोसा कुठला? म्हणून आम्ही बायका पाणीच पीत नव्हतो. वणीच्या अलीकडे मला भोवळ आली आणि उचलून टेंपोत घातलं. मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली तर पायी येईन, असं मी देवीला बोलले होते. तो नवस टेंपोत बसून गडावर गेला. समितीचं निदान तयारच होतं : श्रद्धा कमी पडली. वर्षभर ते माझ्या मनात सलत राहिलं.

यंदाच्या बैठकीत मी म्हटलं, दिंडोरी रस्त्यानं जाऊ. तिकडं आमच्यातल्या तिघींची माहेरं आहेत, म्हणजे बाथरूमची सोय आहे. सगळे छताकडं बघू लागले. देवीच्या कामात असले विषय नकोत, असं खजिनदार म्हणाले आणि हायवेच ठरला. समितीचा बॅनर रुंद होता, तो तिकडंच शोभणार होता.

सासरवाडी अध्यक्षांची खरी, पण माहेर त्यांच्या बायकोचं. तिनं भाजी फोडणीला टाकता टाकता आईला फोन लावला.

"यंदा मांड्यांचा घाट घालू नको. आम्ही तिकडून येत नाही."

आई सुटली बिचारी. मांडे गेले तशी हायवेची गोडीही गेली. पुढच्या बैठकीत समितीला आपोआप आठवलं, की दिंडोरी रस्ता जुना आहे, सावलीचा आहे आणि जास्त पुण्याचाही आहे.

यंदा प्रत्येक माहेरी आधी बाथरूमला रांग लागली, मग चहा. गडाच्या सगळ्या पायऱ्या मी माझ्या पायांनी चढले आणि देवीपुढं घळाघळा रडले. बाहेर अध्यक्ष भेटले.

"वहिनी, यंदा श्रद्धा पक्की होती."

"श्रद्धा गेल्या वर्षीही एवढीच होती, भाऊ. यंदा मी पाणी प्यायले."