तीस गोळ्यांचं वर्ष

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरचे म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी दहा मिनिटं एका जागी बसले, तर नवरा कपाळाला हात लावून ताप बघतो. तो गलोंड्याच्या एका कारखान्यात सुताच्या मशीनवर आहे. तिथल्या गुजराती सोबत्यांकडून त्याने एक शब्द पक्का उचललाय, "बेस." म्हणजे बस. दिवसातून वीसदा तो मला तेच सांगतो. मी दुसऱ्या कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत नर्स आहे. बोट कापलं, डोळ्यात काही गेलं, चक्कर आली, की माणसं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना बांधून, धुऊन, पाणी पाजून परत पाठवते. पटापट उरकायची सवय तिथलीच.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे ख्रिस्ती. सिल्वासाला कामासाठी आलो, तेव्हा आमच्यासारख्या पंधरा-वीस घरांची मंडळी इथे आधीपासून उपासनेला जमत होती. त्यांच्या ओळखीने दर थंडीत परदेशातले काही डॉक्टर आणि नर्स स्वतःच्या सुट्ट्या खर्चून आठवडाभर येतात आणि खानवेलच्या पुढच्या पाड्यांवर आरोग्य शिबिर घेतात. सोबत इथले एक डॉक्टर असतात. परवानगीचे कागद, औषधं, सह्या सगळं तेच बघतात. मला इंग्रजी येतं, वारल्यांची बोली बऱ्यापैकी कळते, म्हणून मी दुभाषी. फुकट सेवा म्हणून सगळे माझं कौतुक करतात. खरं सांगायचं तर आठवडाभर घर आणि कारखाना सोडून हिंडायला मिळतं, हे मला देवाच्या कामाइतकंच आवडतं.

यंदाचं शिबिर एका शाळेच्या ओट्यावर होतं. मी ज्यांच्या टेबलाशी होते त्या परदेशी डॉक्टरबाई सत्तरीच्या, पिकलेल्या केसांच्या. त्यांना घाई म्हणून नाहीच. पेशंटचा हात हातात घेऊन बोलत. एकेक वाक्य एवढं लांब, की संपेपर्यंत मला सुरुवात विसरायला होई. समोर रांग पार आंब्याच्या झाडापर्यंत गेलेली. माझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. मग मी काय करू लागले, तर त्यांची वाक्यं दुमडून देऊ लागले. चार वाक्यं आली की एक पुढे सरकवायचं. कुणाचं काही अडत नव्हतं.

दुपारी एक बाई आली. पंचविशीची असेल. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण. सोबत सासू, आणि सासूच्या कडेवर नऊ-दहा महिन्यांची मुलगी. सुनेला फिट येतात, चुलीपाशी असतानाच एकदा आली आणि हात विस्तवात गेला, असं सासूने सांगितलं. बाई स्वतः काही बोलेना. पोर रडायला लागलं, आईकडे बघून दोन्ही हात पुढे करायला लागलं, तरी हिने हात म्हणून पुढे केला नाही. उलट दोन्ही हात पाठीमागे नेले. मला राग आला. काय बाई आहे ही, पोटचं पोर रडतंय आणि ढिम्म उभी, असं मनात म्हणाले. तोंडावरही ते दिसलं असणार, कारण माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, इथल्या डॉक्टरांशी बोलल्या आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. तीस गोळ्या, कागदी पाकिटात. मग माझ्याकडे वळून सांगितलं, की रोज एक, एकही दिवस चुकवायची नाही. ह्या संपायच्या आत सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे ह्याच गोळ्या फुकट मिळतात, ही चिठ्ठी दाखवायची. हे औषध वर्षानुवर्षं लागेल. आणि घाबरू नकोस, पुढच्या वर्षी मी परत येईन तेव्हा मला तुला बघायचंय.

मी सांगितलं, "ह्या गोळ्या घे. चिठ्ठी जपून ठेव. डॉक्टरबाई पुढच्या वर्षी परत येणार आहेत."

बाईने मान हलवली. मग डॉक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का. सासू चालेल म्हणाली. ती प्रार्थना मात्र मी शब्दन् शब्द, सावकाश, एकही गोष्ट न गाळता सांगितली. लहानपणापासून तोंडात बसलेली भाषा, त्यात मला अडखळायला होत नाही. आमच्या पाळकांनी नंतर त्याबद्दल माझी पाठही थोपटली.

पाहुणे गेले. मी कामाला लागले. तीनेक आठवड्यांनी आमच्या कारखान्यात एक कामगार मशीनपासून दोन हातांवर फिट येऊन पडला. सोबत्यांनी वेळेवर ओढला म्हणून वाचला. कारखान्यात येणारे डॉक्टर त्याच्या भावाला हिंदीत झापत होते, की दोन दिवस गोळी का चुकवली, ही गोळी अशी मध्येच सोडली की फिट उसळून येते, जीव जाऊ शकतो. मी कामगाराचं तोंड पुसत होते. आणि एकदम माझे हात थांबले. मला ती भाजलेल्या हाताची बाई आठवली, आणि मी तिला काय सांगितलं होतं ते आठवलं. रोज एक, हे मी म्हणाले होते का? दवाखान्याचं नाव तरी काढलं होतं का? कितीही आठवलं तरी माझा आवाज ते शब्द बोलताना मला ऐकू येईना.

त्या दिवसापासून माझं काही खरं नव्हतं. दूध उतू गेलं, भाजीत दोनदा मीठ पडलं. मनात एकच हिशोब चालू. शिबिराला बावीस दिवस झाले, म्हणजे तिच्याकडे आठ गोळ्या उरल्या. दुसऱ्या दिवशी सात. त्या संपल्या की एके सकाळी ती चुलीपुढे बसेल, किंवा नदीवर जाईल. नवरा म्हणाला, "अगं बेस ना जरा. गावात आशाताई असते, सांगितलं असेल तिने." मी त्याच्यावर अशी ओरडले की तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. राग त्याच्यावर नव्हता, ते त्यालाही कळलं. मंडळीतल्या एका ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आपण प्रार्थना करू." मी म्हटलं, प्रार्थना तर मी चांगली खणखणीत केली होती ताई, राहिलं ते दुसरंच.

रविवारी उपासना बुडवून मी खानवेलची बस धरली. आशाताईचा नंबर मिळवून आदल्या दिवशीच बोलले होते. नाव ठाऊक नव्हतं, पण भाजलेला हात म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "हां, ती नदीपल्याडची." बसमध्ये मला बसायला जागा मिळाली तरी मी दोनदा उठून पुढच्या काचेतून रस्ता बघून आले. खानवेलहून इको गाडीत नऊ माणसांत दहावी होऊन गेले आणि उरलेली वाट आशाताईबरोबर चालले. ती बिचारी माझ्यामागे धावत होती. "ताई, पळून जाणार नाय ती," असं तिने दोनदा सांगितलं. मला वाटत होतं, पळून नाही, पण जिवंत असेल ना.

ती होती. कुडाच्या घरापुढे बसून सुपात नागली पाखडत होती. तिला बघून माझा जीव भांड्यात पडला. मुलगी दहा हातांवर सासूच्या मांडीत.

"गोळ्या?" मी उभ्याउभ्याच विचारलं. "गोळ्या किती राहिल्या?"

ती आत गेली आणि फडक्यात बांधलेलं पाकीट घेऊन आली. चिठ्ठी त्यातच होती, चार घड्या घालून. माझ्या हिशोबाने पाच गोळ्या उरायला हव्या होत्या. मी तळहातावर ओतून मोजल्या. सत्तावीस.

"अगं, तू घेतल्याच नाहीस?" माझा आवाज चढला. "पंचवीस दिवसांत तीन?"

ती घाबरली. सासूनेच उत्तर दिलं. "बाय, तूच सांगतलं ना, डॉक्टरीण पुढल्या वर्षाला येल. तवर पुरवाया नको? तीस गोळ्या, वरीस मोठा. महिन्याला दोन, कवा तीन. तसं पुरवतो आमी."

मी खाली बसले. तीस गोळ्या घेऊन ह्या दोघींनी एक आख्खं वर्ष त्यांत बसवलं होतं. मूर्खपणा कुणाचा म्हणाल तर त्यांचा नव्हता. दिलेलं पुढच्या वेळेपर्यंत पुरवायचं, एवढंच त्या करत होत्या. धान्याचंही त्या तसंच करतात. पुढची वेळ कधी, ते मी सांगितलं होतं.

"मग त्या तीन कधी घेतल्या?" मी विचारलं.

आता ती स्वतः बोलली. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. "पोरीला घ्यायची असली का घेतो."

मला कळेना. तिने जमिनीकडे बघत समजावलं. हात भाजला त्यानंतर एकदा पोर कडेवर असताना फिट आली होती. पोर दगडावर पडता पडता सासूने झेललं. त्या दिवसापासून ती पोरीला उचलत नाही. अंगावर पाजायलासुद्धा सासू जवळ बसते आणि पोर स्वतःच्या हातात धरून ठेवते. गोळी घेतली त्या दिवशी फिट येणार नाही, म्हणजे त्या दिवशी पोर उचलायला हरकत नाही, असा तिने अर्थ लावला होता. पहिली गोळी लसीच्या दिवशी, कारण सासूला ताप होता आणि पोरीला तिलाच न्यायचं होतं. दुसरी सासू बाजाराला गेली तेव्हा.

"आणि तिसरी?"

ती जरा हसली. "तिसरी अशीच. काय काम नव्हतं. मला घ्यायची होती."

शिबिरात पाठीमागे नेलेले ते दोन हात मला आठवले. मी तिला काय म्हणाले होते मनात, तेही आठवलं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. आणि त्याहून वाईट ते पुढचं होतं, जे नर्स म्हणून मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. ह्या गोळीचा असर एका दिवसात येत नाही. रोज घेत गेलं तर काही आठवड्यांनी येतो. म्हणजे ज्या तीन दिवशी तिने निर्धास्त होऊन पोर कडेवर घेतलं, लसीला नेताना नदीही ओलांडली, ते तीन दिवस बाकीच्या दिवसांइतकेच धोक्याचे होते. काही झालं नाही, एवढंच.

मी सगळं सांगितलं. ह्या वेळी काही दुमडलं नाही. चुकलं ते माझं, गोळ्या दवाखान्यात दर महिन्याला मिळतात, फुकट मिळतात, हे मी सांगायचं होतं आणि सांगितलं नाही, असं म्हणाले. सासूने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तवा तुला लय घाई होती."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुट्टी टाकून मी परत गेले आणि तिघींना खानवेलच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आले. तिथले डॉक्टर तरुण होते. चिठ्ठी वाचली, तपासलं, कार्ड केलं, महिन्याच्या गोळ्या दिल्या. दर चार आठवड्यांनी ह्याच वाराला या, आशाताई आठवण करील. त्यांनी गुजराती-हिंदीत सांगितलं, मी बोलीत सांगितलं, आणि मग तिला म्हटलं, "आता तू मला सांग, काय करायचं." तिने सगळं बरोबर सांगितलं. रोज एक. विस्तवाजवळ एकटी नाही. नदीवर एकटी नाही.

मग तिने विचारलं, "मंग पोरीला रोज उचलू?"

मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर किती सोपं झालं असतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इतक्यात उभ्याने नाही. काही महिने फिट आली नाही की बघू. पण खाली जमिनीवर बसून, कुणी शेजारी असेल, तर आजपासून. रोज.

मी ते जसंच्या तसं सांगितलं.

ती उठली, दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली. दोन्ही हात पुढे केले. सासूने पोर तिच्या मांडीत ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. शेजारी कुणीतरी हवं होतं. म्हातारीला पाणी प्यायचं होतं, सकाळपासून ती पोर घेऊनच उभी होती. मी बाईच्या शेजारी फरशीवर बसले. पोरीने आईच्या भाजलेल्या हाताला धरलं, जरा खेळली आणि तिथेच झोपून गेली. बाई हलेना. मीही हलले नाही.

म्हातारी पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "बाय, तुझी बस निघाली बघ."

"जाऊ दे," मी म्हणाले.