पत्रेवाल्यांचा जावई

माद्रिदच्या प्लासा मायोर चौकात रविवारी सकाळी कमानींखाली जुन्या नाण्यांची टेबलं लागतात. या सगळ्या टेबलांवर मिळून जेवढी घमेंड भरेल तेवढी एकट्या अबिलिओ सांतिउस्तेच्या नाकाच्या शेंड्यावर असायची. नाणं रोमन असो की कास्तियाच्या कुठल्या जुन्या राजाचं, अबिलिओ आधी कडेवरून अंगठा फिरवी, मग तळहातावर तोलून बघी आणि शेवटी उपकार केल्यासारखं भिंग काढी. तोवर गिऱ्हाइकाचा चेहरा उतरलेला असे. शेजारच्या टेबलावरचा सिरिलो म्हणायचा, याच्यासमोर याचा सख्खा भाऊ आणून उभा केला तरी हा आधी त्याची कड तपासेल.

पण एकदा, एकदाच, त्याने कड तपासली नव्हती.

तेव्हा तो तिशीच्या आतला होता. एका नाणेवाल्याच्या दुकानात नुकता लागलेला, आणि दोन पुस्तकं वाचून नाकाने कांदे सोलणारा. सामोरा प्रांतातल्या एका खेड्यातल्या कासिल्दाशी त्याचं लग्न ठरलं होतं. आपल्याकडे स्पेनमध्ये लग्नात, देवळात, नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो. कासिल्दाच्या घरची तेरा नाणी रोमन चांदीची होती. कुणा पणजोबाला द्राक्षमळा खणताना सापडलेली, आणि घरातली प्रत्येक पोर त्यांच्यावरच उजवलेली. साखरपुड्याच्या दिवशी कोकराचं जेवण झाल्यावर कासिल्दाची आई एउतिमिया हिने ती फडक्यात बांधून आणली आणि सगळ्या भावकीसमोर जावयापुढे ठेवली. रीत अशी की जावयाने सासूचा हात ओठाला लावायचा. या शहाण्याने भिंग काढलं.

दोन नाण्यांवर एकच दाढीवाला सम्राट होता, आणि दोन्हींवर त्याच्या नाकापासून काठापर्यंत एकच बारीक रेघ. मालकाने शिकवलं होतं की नाणी माणसांसारखी झिजतात, कुणाची खोड कुणाला नसते. दोन नाण्यांना एकच खोड दिसली तर समजावं की दोन्ही एका साच्यात ओतलेली, म्हणजे नकली आहेत.

“सेन्योरा, राग मानू नका,” अबिलिओ म्हणाला, “पण ही ओतीव आहेत. पत्र्याच्या मोलाची.”

इतक्या गोड आवाजात म्हणाला की कुणाला त्याच्या श्रीमुखातही देता येईना.

त्या भागात प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं, आणि ते पाद्रीबुवांनी पाणी शिंपडूनही धुतलं जात नाही. संध्याकाळपर्यंत एउतिमिया ‘पत्रेवाली’ झाली होती. लग्नात अबिलिओने बँकेतून आणलेली कोरी चकचकीत नाणी वापरली. नंतर एउतिमियाने ती जुनी तेरा नाणी देवळासमोर, चारचौघांत, भंगारवाल्याला देऊन टाकली. नाणी गेली की बोलणंही जाईल असं तिला वाटलं. बोलणं कसलं जातंय? पुढे तिच्या मुलाला पत्रेवाला म्हणू लागले, मग नातवाला. ती वारली तेव्हा अंत्यविधीची वेळ विचारणारेसुद्धा ‘पत्रेवालीची’ म्हणूनच विचारत होते.

गेल्या शरद ऋतूत सिरिलोने एका मेलेल्या संग्राहकाचा डबा विकत घेतला आणि निवडायला अबिलिओपुढे सरकवला. वर लाच म्हणून तळलेली माकूळ मासळी भरलेला पाव. अबिलिओने पाव तसाच ठेवला, कारण तिसऱ्याच नाण्यावर दाढीवाला सम्राट होता. नाकापासून काठापर्यंत तीच रेघ.

त्याने कडेवरून अंगठा फिरवला. हे नाणं एका बाजूला सरकून उमटलेलं होतं, अर्धी अक्षरं काठाबाहेर गेलेली. एका साच्यातली भावंडं अशी नसतात, ती कडेच्या टवक्यापर्यंत सारखी असतात. आणि रेघ खोलगट नव्हती, उठावाची होती. म्हणजे तडा गेला होता तो नाणी ठोकायच्या ठशाला. त्या ठशाखाली ठोकलेल्या प्रत्येक खऱ्या नाण्यावर ती उमटणारच. हीच गोष्ट तो दर रविवारी नवशिक्यांना तोंड भरून समजावतो. एउतिमियाची दोन नाणी त्याला डोळ्यांपुढे लख्ख दिसली. एक गोल, एक कडेला चेपलेलं. रेघ तेवढी त्याने पाहिली होती.

“खोटं आहे का रे?” सिरिलोने विचारलं.

“खरं आहे.”

“मग कुणी मेल्यासारखं तोंड का केलंस? किंमत बोल.”

अबिलिओने किंमत सांगितली. दोन माणसं दोन-तीनदा बरं जेवतील, एवढीच. सिरिलोची निराशा झाली.

घरी कासिल्दा लसूण सोलत होती. अबिलिओने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने लसूण सोलणं थांबवलं नाही.

“आईला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “भंगारवाला तिथेच हळूच तिच्या कानाशी म्हणाला होता, बाई, ही जुनी चांदी आहे, अशी मळ्यांतून पुष्कळ निघतात, परत घेऊन जा. तिने त्याला गप्प केलं.”

“का?”

“तुझी नोकरी नवी होती. नाण्यांच्या दुकानातल्या माणसाला भंगारवाल्याने खोटं पाडलं, ही बातमी माद्रिदला पोचायला किती वेळ लागला असता?”

“आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तिने शपथ घातली होती. म्हणाली, त्याचं त्याला कळलं तर सांग.” मग पुढची पाकळी उचलत म्हणाली, “दर नाताळात आई तुला कळतंय का याची वाट बघायची. तू यायचास, जेवायचास, आणि तिच्या चमच्यांचीसुद्धा किंमत करून जायचास.”

नोव्हेंबरात, सान मार्तिनच्या सणाला, डुकरं कापून झाली आणि नव्या वाइनची पिंपं उघडली तेव्हा अबिलिओ कासिल्दाला घेऊन गावी गेला. भर गुत्त्यात उभा राहून त्याने सांगितलं की एउतिमियाची नाणी खरी होती, खोटा मीच ठरलो, आणि ते नाव आता बंद करा. लोकांनी शांतपणे ऐकलं. एका म्हाताऱ्याने टोपी काढून मान हलवली आणि म्हणाला, बाई चांगली होती, सांगितलंस ते बरं केलंस. पण तिच्या नातवाने तर ते नाव ट्रॅक्टरवर लाल रंगात लिहून घेतलंय, आता ते कुणी खरवडायचं?

अबिलिओ काही बोलणार तोच मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, पत्रेवाल्यांचा जावई कोरडा उभा आहे, प्याला द्या त्याला.”

सगळा गुत्ता हसला, प्रेमानेच हसला. अबिलिओने प्याला घेतला. कासिल्दा दाराशी उभी होती. ती हसली नाही.