टपावरचा पाळणा

थोरल्या भावाचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. त्याला आम्ही भाऊच म्हणतो. जीप त्याची, चालवणारा मी.

आईच्या मणक्याने दगा दिल्यापासून तिला बसवत नव्हतं, म्हणजे एसटीचा प्रश्नच मिटला. म्हणून मी यावलच्या वेल्डिंगवाल्याकडून जीपमागे ओढायची एक बुटकी ट्रॉली करून घेतली. वर छप्पर, आत गादी, दोन खिडक्या आणि पंखा. तीत आडवी पडून आई देवपूरला तिच्या आजारी बहिणीकडे जाई. परतल्यावर चार दिवस तिच्या तोंडून मावशीच्याच गोष्टी.

भाऊला मात्र डिझेलच दिसायचं. "ट्रॉली जोडली की गाडी ॲव्हरेजच देत नाही," तो म्हणाला. "या खेपेला टाकी अर्धीच भरून देतो, तेवढ्यात जाऊन येऊन दाखव. नाहीतर विकून टाकतो ट्रॉली."

मीही पेटलो. चाकांत हवा नीट भरली, जीपमधलं भंगार उपसून काढलं, पन्नासच्या वर जायचं नाही असं ठरवलं. ट्रॉलीचं छप्पर मुळातच जीपपेक्षा खाली ठेवलं होतं, वारा अडू नये म्हणून. जमलं असतं. आजही सांगतो, जमलं असतं!

निघायच्या सकाळी बघतो तर भाऊ ट्रॉलीच्या टपावर उभा. केळीचे घड, भरिताच्या वांग्यांचं पोतं, आणि त्यावर दोरखंडाने आवळलेला आमचा लाकडी पाळणा, मावशीच्या नव्या पणतीसाठी.

"अरे, वारा अडेल! डिझेल खाईल हे सगळं!"

"आपल्या घरून कुणी रिकाम्या हाताने जातं का? लोक काय म्हणतील?"

चोर तो चोर, वर शिरजोर. अट यानेच घालायची आणि ओझंही यानेच चढवायचं. खाली उतरवतो म्हटलं तर मला म्हणाला, मावशीच्या दारात माझं नाक कापू नकोस.

अमळनेर येईपर्यंत काटा नको तितका खाली आला होता. रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि शिव्या देत दोरखंड सोडू लागलो. आत आईला सगळं ऐकू जात होतं. तिचं माहेर तिकडचंच, बोलणंही तिकडचं. खिडकीतून म्हणाली, "मालेबी उतारी दे. बठ्ठास्मा जड ते मीच शे."

वांगी नाही, पाळणा नाही, सगळ्यांत जड ओझं म्हणे तीच, तिलाही उतरवायचं. माझे हात तिथेच थांबले. सोडलेला दोरखंड पुन्हा बांधला आणि तसाच देवपूरला गेलो. मावशीने पाळण्यावरून हात फिरवला, दोघी बहिणी शेजारी पडून दिवसभर बोलल्या. परतताना वाटेत डिझेल भरावं लागलं.

भाऊने आईला कशी आहेस हे विचारलं नाही. आधी विचारलं, "भरावं लागलं ना?" महिन्याच्या आत ट्रॉली गेली. आता स्टँडजवळ तीत कुणीतरी अंडाभुर्जी विकतो. मी त्या रस्त्याने जात नाही.

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा आई खाटेवरून भाऊचा सदरा धरून म्हणाली, "मालेबी लई चाल ना रे." बहिणीचं तोंड शेवटचं बघायला तिलाही सोबत यायचं होतं.

भाऊने तिचा हात सोडवला, मोटारसायकल काढली आणि एकटाच गेला. रिकाम्या हाताने.